साडीतून गाळलेलं ऊन

उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून आमचं खालचं रान खारवट झालं आणि त्यातली विहीरही. वडलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणतो, ती बुजवायचं ठरवलं. मुरमाचा ढीगही काठावर येऊन पडला. मी तेव्हा कोकणातली नोकरी सोडून श्रीगोंद्याला घरी आले होते. कोकणात कोळंबीच्या पिल्लांना खायला समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ वाढवायचं काम मी करायची. म्हटलं, खारं पाणी घरचं, ऊन तर बख्खळ, शेवाळ इथंच वाढवीन. विहीर मला द्या.

"पाऊस लागस्तवर थांबतो," दादा म्हणाले. "मग मातर बुजवनार."

येताना हिरव्या पाण्याची एक बाटली आणली होती. विहिरीच्या पाण्यात मीठ घालून ते समुद्राइतकं खारं केलं, थोडं खत टाकलं, त्यात शेवाळ सोडलं आणि पारदर्शक जार उघड्या उन्हात मांडले. कोकणात ट्यूबलाइटखाली वाढणारं शेवाळ इथं किती जोमानं वाढेल, या खुशीत मी होते. दोन-तीन दिवसांत सगळे जार पिवळट पडले. उन्हानं शेवाळ भाजून निघालं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. ते मेलं की विहीर गेली. आता अंदाजपंचे काही करायचं नाही, असं ठरवून मी दोनच जार भरले. एक गोठ्यात सावलीला ठेवला. दुसरा उन्हातच ठेवून त्यावर, डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून बांधतो तशी, आईची जुनी साडी दुहेरी करून ताणली.

गोठ्यातला जार गर्द हिरवा झाला. साडीखालचा पोपटीच राहिला.

"ह्याला म्हनत्यात काळोखी!" दादा गोठ्यात उभे राहून म्हणाले. "ती साडी काढ. समदं हितं आन."

काळोखी म्हणजे पिकाचा गर्द, काळसर हिरवेपणा. तो दिसला की आमच्याकडं पीक जोमात आहे असं समजतात. मीही शेतकऱ्याचीच पोर, क्षणभर मलाही गोठ्यातलाच जार बरा वाटला. पण उजेड कमी पडला की शेवाळ मिळेल तेवढा धरायला अंगात जास्त हिरवं साठवतं. ते गर्द दिसत होतं ते उपाशी होतं म्हणून.

"न्हाई काढनार," मी म्हणाले. "तुमीच बघा."

माझा जुना सूक्ष्मदर्शक ओट्यावर मांडला आणि दोन्ही जारांतला थेंब थेंब त्याखाली ठेवला. दादांनी चष्मा कपाळावर चढवला. गोठ्यातला थेंब पाहिला, साडीखालचा पाहिला, परत गोठ्यातला पाहिला.

"हितं लई पातळ उगवलंय गं," ते हळूच म्हणाले. "हिरवं हाय, पन मधी निस्ती मोकळी जागा. साडीखालचं कसं दाट हाय."

मुरमाचा ढीग मात्र काठावर तसाच होता. विहिरीच्या कडेला, उंचसखल जमिनीवर, साडीखाली एकाचे बरेच जार केले. ऊन चढलं की अजून एक पदर टाकायचा, ढग आले की काढायचा. हट्टाला पेटले होते मी.

पावसाचं वारं सुटलं त्या सकाळी विहिरीकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. चप्पल न घालता पळत गेले. काठावरचा मुरूम जागेवर नव्हता. ट्रॅक्टरला फळी लावून तो विहिरीच्या कडेनं सपाट पसरला होता, आणि दादा त्यावर उभे राहून पायानं दाबून बघत होते.

"तुजे जार तिरके हुत हुते," ते म्हणाले. "आईला म्हनावं, आजून साड्या काढ."