उजव्या हाताची नखं

कोल्हापूरला गिटारची मैफल ऐकली आणि वाटलं, आपली गिटार आता माळ्यावर टाकावी. दुसऱ्या दिवशी परतताना एसटीत शेजारच्या आजींनी पुढची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. डाव्या हाताची नखं बारीक कापलेली, उजव्याची वाढवलेली, अगदी माझ्यासारखीच. मी विचारलं, "गिटार वाजवता?"

"शिकतेय हो. बोटं फार दुखतात," त्या हसून म्हणाल्या.

दुखणारच. कालच्या त्या कलाकाराचीही कधीतरी घरात बसून दुखलीच असतील. तेव्हा टाळ्या वाजवायला कोण होतं?

घरी येऊन मी गिटार काढली. वाजवताना नेहमीची जागा नेहमीसारखीच चुकली. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "एवढ्या लांब जाऊन हेच ऐकून आलात?"

"हेच," मी म्हणालो. "फक्त बऱ्याच वर्षांच्या सरावानंतरचं."