न मागितलेली तान

ऑर्गनच्या भात्यात धूळ बसते ना, तसे आमच्या मंडळीत किस्से बसत गेले. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. पण चहाला चार जण टेकले की कुणीतरी म्हणतंच, "बाबूराव, ते शूटिंगचं सांगा की!" सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय, राव. बरं, बसा. चहा तेवढा मागवा.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. संगीत नाटकाला उतरती कळा लागली होती. आमची चिंचवडची मंडळी कशीबशी तग धरून होती. मी ऑर्गन वाजवायचो. निम्मे नट पिंपरीच्या नव्या कारखान्यात शिफ्ट करायचे आणि उरलेल्या वेळात राजे नाहीतर सावकार व्हायचे. आमचं एकच नाटक चालायचं. एक तरुण आवडत्या मुलीच्या घरात आचारी बनून शिरतो आणि तिच्या कंजूष बापाला खाऊ घालून घालून लग्नाला तयार करतो. हा आचारी म्हणजे आमचे अण्णा. वय पंचावन्न, पण गायला लागले की पंचविशीतले वाटायचे.

त्या अण्णांच्या गळ्यात गाठ निघाली. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर ऑपरेशन, आवाज राहील की जाईल ते सांगता येत नाही. ते ऐकून मुंबईचे एक फिल्मवाले साहेब धावत आले. अण्णांचे जुने चाहते. म्हणाले, "अख्खं नाटक आहे तसं फिल्मवर घेऊ. निदान आवाज तरी राहील." एवढ्यासाठीच सगळं चाललं होतं. नाहीतर त्या दिवसांत आम्ही जे भोगलं ते कुणी आयतं दिलं तरी घेतलं नसतं!

* * *

शूटिंगला गोदाम मिळालं ते स्टेशनच्या पाठीमागे, वर पत्रे. साहेबांनी जागा पाहिली तेव्हा नेमकी गाडी नव्हती. मग रोजचं तेच. नायिका लाजून म्हणायची, "मी तुमची वाट पाहीन," आणि शिट्टी! पुन्हा लाजायची, पुन्हा शिट्टी! शेवटी बिचारीला लाजायचाच कंटाळा आला.

एकदा कशी कोण जाणे, गाडीच आली नाही. प्रसंग असा की सासरा चिडून आचाऱ्याच्या पाठीत काठी हाणतो. सासऱ्याचं काम निवृत्तीचं. तो मोशीचा, अंगानं दांडगा, मनानं गाय. निवृत्तीनं काठी उगारली, अलगद टेकवली, आणि धडाम्! देहूरोडच्या बाजूला लष्कराचा सराव चालला होता. पत्रे थरथरले. अण्णा खरोखरच आडवे झाले.

निवृत्ती काठीकडे बघत राहिला. मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "आईच्यान साहेब, म्या हळूच मारली व्हती!"

* * *

जेवणाचा प्रवेश. नाटकात आम्ही रिकामं ताट ठेवायचो. भुरके मारायचे, ढेकर द्यायचा, लोक खूष. साहेब म्हणाले, "कॅमेऱ्याला खोटं चालत नाही. खरं श्रीखंड आणा."

निवृत्ती सकाळपासून उपाशी राहिला. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ताटावर सावली पडली. दुसऱ्यांदा गाडी आली. तिसऱ्यांदा मिशीच श्रीखंडात गेली. नंतर नंतर त्याचा चेहरा बघवेना. वर पत्रा तापलेला, समोर दिवे, पुढ्यात पुन्हा वाटीभर श्रीखंड.

वाक्य होतं, "आचारी, आणखी वाढ!" निवृत्तीनं अण्णांसमोर हात जोडले. "आचारी, पुरं कर की लेका! लगीन लावून देतो, पर वाढू नगंस!"

साहेब कपाळाला हात लावून बसले. अण्णा म्हणाले, "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा सासरा मनापासून हो म्हणाला."

* * *

शेवटचा प्रवेश लग्नाचा. निवृत्तीची त्या दिवशी कारखान्यात दुसरी पाळी होती. साहेब म्हणाले होते वेळेत सोडतो, पण फिल्मवाल्यांची वेळ म्हणजे काय, तुम्हाला ठाऊकच आहे. कॅमेरा चालू, अंतरपाट दूर झालेला, आणि लांबून कारखान्याचा भोंगा!

निवृत्तीनं मुलीचा हात अण्णांच्या हातात ठेवला. "बाकीचं तुमी उरका," म्हणाला आणि सायकलवर टांग मारून गेला. डोक्यावर लाल पगडी, तोंडावर पांढऱ्या मिशा. त्या डिंकानं अशा बसलेल्या की निघेनात.

गेटवरच्या माणसानं त्याला थांबवलं. आपुलकीनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, पोराला भेटायला आलात का? पाळी सुटल्यावर या!"

त्या दिवसाचा खाडा पडला तो पडलाच. निवृत्ती एका शब्दानं कुरकुरला नाही. म्हणाला, "अण्णांसाठी चालतंय."

* * *

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पद. घेतलं लग्नाच्या प्रवेशाआधीच, पण सांगतोय शेवटी. आचारी कणीक मळता मळता गातो ते. त्याच पदासाठी लोक मोशी-निघोज्याहून बैलगाड्या जुंपून यायचे.

अण्णांची एक रीत होती. पद पहिल्यांदा सरळ म्हणायचं. शब्द नीट पोचवायचे, बस्स. मग थिएटर ओरडायचं, "वन्स मोअर!" मग अण्णा पिठाचे हात जोडून नमस्कार करायचे, माझ्याकडे बघायचे आणि खरं गायचे. काय ती तान, काय त्या जागा! सगळं दुसऱ्या वेळेला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "न मागता तान घ्यायची म्हणजे बोलावणं नसताना पंगतीत बसायचं."

साहेबांना समोर प्रेक्षक हवे होते, म्हणून दोन्ही गावची नेहमीची मंडळी आणून बसवली. आणि त्यांना दम भरला, "आवाज फिल्मवर येतो. शिंकायचंसुद्धा नाही!"

अण्णा सरळ गायले. संपलं. सगळीकडे चिडीचूप. अण्णा कणकेत हात ठेवून थांबले. मी सूर धरून थांबलो.

"कट! उत्तम! चला, पुढचं!"

"साहेब, गायचं राहिलंय अजून," अण्णा म्हणाले.

"राहिलंय? मग हे काय झालं?"

"हे नुसतं म्हणून दाखवलं."

साहेबांचा चेहरा उतरला. कॅमेरावाल्यानं मान हलवली. फिल्म शेवटच्या प्रवेशापुरतीच उरली होती आणि नवी मिळण्याची मारामार. साहेब जवळजवळ ओरडलेच, "अहो, मग पहिल्यांदाच का नाही गायलात?"

"कुणी मागितलंच नाही हो."

समोरची मंडळी खाली माना घालून बसली होती. मागून एक म्हातारा पुटपुटला, "शिंकायला बी मनाई केल्ती न्हवं." मला रडू आवरेना. अण्णांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. पाठभर पीठ लागलं.

* * *

ऑपरेशन झालं. अण्णा वाचले, आवाज गेला. कानाशी तोंड आणून कुजबुजायचे, तेवढंच.

उन्हाळ्यात रहिमानभाईंनी आपल्या तंबूत आमची फिल्म लावली. चिंचवडला सिनेमा दाखवायचे ते हेच. संध्याकाळचा खेळ, तंबू गच्च भरलेला. मोशीच्या गाड्या, निघोज्याच्या गाड्या, निवृत्ती बायकापोरांसकट हजर. अण्णा माझ्या शेजारी, उपरणं गळ्याभोवती गुंडाळून.

काठीचं धडाम् झालं, लोक हसले. श्रीखंडाला पोट धरधरून हसले. मग ते पद आलं. पडद्यावरचे अण्णा कणीक मळत सरळ गायले. पद संपलं.

आता शिंकायला मनाई नव्हती. मागून त्याच म्हाताऱ्याचा आवाज आला, "वन्स मोअर!" आणि मग अख्खा तंबू उठला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" बायकासुद्धा ओरडत होत्या. पडद्यावर पुढचा प्रवेश सुरू झालेला, पण ऐकतंय कोण? शेवटी रहिमानभाईंनी मशीन बंद केलं. "ठहरो भाई, फिरसे लगाता हूँ!" रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा चढवलं. तोवर एक माणूस जागचा हलला नाही.

अण्णा उभे राहिले. मागे वळून लोकांना नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं आणि खाली बसले.

पद पुन्हा सुरू झालं. तेच पीठ, तेच हात, तसंच सरळ. अण्णा पुढे सरसावून पडद्याकडे बघत होते. अर्धं पद झालं तेव्हा त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी तोंड आणलं.

"बाबू, अरे कुणीतरी त्याला सांगा रे, वन्स मोअर मिळालाय!"