टेकाडावरची हाक

“टेकाडावर जाऊन आवाज देत होते म्हणते.”

“कोणाले?”

“कोणालेच नाही. तेच तं.”

मामाच्या तेरवीला, प्रताप नगरच्या त्याच्याच घरी, पंगतीत बसलेल्या दोन बायका हळूच हसल्या. मी बुंदीचं ताट घेऊन त्यांच्या मागे उभी होते. मामा कोणाला आवाज द्यायचा ते मला सांगता आलं असतं... मी बुंदी वाढली आणि पुढे गेले. दारातून मामीनेही ऐकलं होतं.

मामाचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. ते बंद असलं की तो मला स्कूटरवर मागे बसवून रामटेककडे न्यायचा. नगरधनच्या आसपास, शेतांच्या मधोमध एक टेकाड आहे. त्याच्या पोटात वाकाटकांची राजधानी आहे असं तो सांगायचा. त्याचा इतिहास तसा कच्चाच. “द्वारका पाण्यात गेली, लंका आगीत गेली, आपलं शहर मातीत झोपून राहिलं,” एवढ्यात सगळा अभ्यास संपायचा. मी शाळेत अटलांटिसबद्दल वाचलं होतं, ते एकदा धीर करून त्याला सांगितलं.

“त्याले टेकाड आहे का?”

“नाही, समुद्रात बुडालं.”

“मंग आवाज कुठून देणार वं?”

कारण आवाज देणं हा त्याचा नियम होता. टेकाडाच्या पायथ्याशी चपला काढायच्या आणि मोठ्याने विचारायचं, “आहे का कोणी घरी?” घर गाडलं गेलं म्हणून ते आपलं होत नाही, न विचारता त्यावर पाय देऊ नये, असं त्याचं म्हणणं. मग उत्तराला वेळ मिळावा एवढं थांबायचं... आणि वर चढायचं. खापराचा तुकडा दिसला की त्यात कोणी काय रांधलं असेल ते ठरवायचं, आणि तो होता तिथेच ठेवायचा. दरवेळी तो म्हणायचा, “आज तू आवाज दे.” शेतात बायका तण निंदत असायच्या, त्या बघतील म्हणून मी नुसती मान हलवायची. मग तो दोनदा हाक द्यायचा. दुसरी माझ्या वाटची.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हाही मी दारात गप्प उभी होते. त्याचे डोळे मिटलेले. “आवाज न देता उभी राहणारी आपल्या घरात एकच आहे,” तो म्हणाला. “ये वं.”

गेल्या रविवारी मामी म्हणाली, “त्या बाया हसल्या, मले उत्तर देता नाही आलं. इतक्या वर्षांत मी कधी गेलीच नाही तिथं. हे काय करत होते, मले दाखव.”

आम्ही गेलो. पायथ्याशी मी चपला काढल्या. मामीने माझ्याकडे पाहिलं आणि तिनेही काढल्या. निंदणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. त्या बघत असतानाच मी पहिली हाक दिली. “आहे का कोणी घरी?” मी थांबले, उत्तराला वेळ दिला... आणि मग त्याच्या वाटची दुसरी दिली.

“मामा, आहे का घरी? मामीले घेऊन आली.”