लेकरं कुठं जातेत?

आमच्या सरकारी अनुदानावरच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी गेलेला माणूस सहा महिन्यांनी पितो की नाही, हे तिथल्या समाजसेविका राजेश्रीताई विचारून येतात. नेमके तेव्हाच निम्मे लोक ऊसतोडीला गेलेले असतात. अशांच्या फॉर्मवर मी खुशाल 'सापडला नाही' असं लिहायचो. यंदा ताई मला ओढतच गंगाखेडकडच्या फडात, केंद्रातून घरी गेलेल्या मुंजाजीच्या पाचटाच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, घेऊन गेल्या.

"एक थेंबबी न्हाई," मुंजाजी म्हणाला.

ताईंनी पेन उघडलंच नाही. त्याच्या बायकोला विचारलं, "हे कामावरून आले की लेकरं कुठं जातेत?"

"आधी उसात लपायची. आता पाठीवर चढायलेत."

तेव्हा कुठं ताईंनी टोपण काढलं आणि 'सुधारला' लिहिलं. बारा वर्षं मी तो फॉर्म भरतोय. हा प्रश्न त्यात नाहीच.