बदलायचं राहिलेलं पान

सुषमाचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात तिच्या आईच्याच पुस्तकाचं एक पान स्क्रीनवर उघडून बसलो होतो. "काका, आई गेली," ती म्हणाली. आणि मी सगळ्यात आधी काय विचारावं? "त्या सोलरच्या मोटरच्या पानाचं काही सांगून गेल्या का गं त्या?" दीड महिना झाला, त्या प्रश्नाची लाज अजून जात नाही.

सुषमाची आई म्हणजे विमलवहिनी, माझे मित्र नाना यांची पत्नी. कळंबला हायवेच्या कडेला त्यांचं मोटरी भरायचं दुकान. विहिरीतली, बोअरमधली मोटर जळाली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, त्याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. नानांचा उजवा हात लुळा पडला आणि वहिनींनी तार हातात घेतली. कुठल्या कंपनीच्या मोटरला किती वेढे, किती जाडीची तार, हे प्रत्येक मोटर उघडली की त्या मोजायच्या आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवायच्या. आजूबाजूच्या गावांतले मोटर भरणारे ते आकडे विचारायला यायचे. पुस्तक काढू, असं मीच म्हणालो. त्यांना ते पटेना. "एकदा छापलं की झालं, भावजी. मोटरी तर दर वर्साला नव्या येत्यात. मंग काय करायचं?"

म्हणून आम्ही बांधणी केलीच नाही. सुटी पानं, भोकं पाडून फाइलला लावलेली. ज्यानं फाइल घेतली त्याचं नाव-गाव वहीत लिहायचं आणि नवं पान तयार झालं की ते पोस्टानं, नाहीतर एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवायचं. प्रत्येक पानाच्या तळाशी वहिनींचा मोबाइल नंबर. तो नको, असं मी सांगून थकलो. व्हायचं तेच झालं, तक्रारी यायला लागल्या. कांदा निंदताना, हळदीच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत... कुठंही फोन वाजायचा. कधी त्या चिडायच्याही, "आधी पान नीट वाचा की राव!" म्हणून फोन ठेवून द्यायच्या. मग दहा मिनिटं चुळबुळ करायच्या आणि स्वतःच परत लावायच्या. "हां, आता सांगा. काय व्हतंय?"

पहिली मोठी तक्रार बोरी बुद्रुकच्या बबनरावांची. त्यांचंही मोटरी भरायचंच दुकान. पुस्तकातल्या आकड्यानं भरलेली एक मोटर तीनदा जळाली होती आणि गावात त्यांची पत गेली होती. वहिनींनी कॅलेंडरचा कागद काढून पाहिला. वेढे चौसष्ट होते. पुस्तकात सेहेचाळीस. टाइप मी केलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बोरीला गेलो. बबनराव दारातच उभे होते. "चूक कुनाची ही?"

"माझी," वहिनी म्हणाल्या आणि खाली बसून त्यांनी ती मोटर भरायला घेतली. संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. मी बाजूला उभा होतो. एक शब्द तोंडातून निघाला नाही माझ्या. परतताना एसटीत मी विचारलं, तुम्ही असं का सांगितलंत? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुस्तकावर नाव कुनाचं हाय?"

त्या दिवसापासून बबनराव या पुस्तकाचे सगळ्यात खडूस वाचक झाले. कुठलंही पान हाती पडलं की आधी मोटर उघडून ताडून बघायचे आणि फोन करायचे. वर्षातून दोन-तीनदा वहिनी बोरीला जायच्या, दोघं फाइल पुढं घेऊन तावातावानं भांडायचे.

शेवटची तक्रार तळेघरहून आली, तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या. तिकडं वर मारुती नावाचे एक जण मोटरी भरतात. "तुमच्या पानापरमानं सोलरची मोटर भरली, बाई. फिरती, पन पानी वर चढंना." मोटरीचं अंग तेच, हॉर्सपॉवर तीच, पण सोलरवरची आतून वेगळी असावी, हे वहिनींना फोनवरच उमगलं. वेढे कमी, तार जाड. किती कमी? अशी मोटर त्यांनी कधी उघडलेलीच नव्हती. तळेघरला गाड्या मोजक्या, आणि त्यांना उशीवरून डोकं उचलवत नव्हतं. अंदाजाचा आकडा घालून मी पान तयार करून नेलं. त्यांनी ते बाजूला सारलं. "अंदाज छापायचा न्हाई, भावजी. तिथं मानसाची मोटर जळती." मग दर दोन दिवसांनी त्यांचा मलाच फोन, पानाचं काय झालं? मी म्हणायचो, बघू, बऱ्या झालात की बघू...

त्या गेल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी मारुतींचा फोन माझ्याकडे आला. त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. ते हळूच म्हणाले, "लई वाईट झालं... मंग आता पान?"

मला त्यांचा रागच आला. आणि मग सुषमाला मीही तेच विचारलं होतं हे आठवलं, माझ्याच दुकानात मला बसवेना. मोटरीतलं मला काही कळत नाही. मला कळतो तो फक्त टाइप. शेवटी मी बबनरावांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "त्याच कंपनीची, कुनी उघडली नसंल अशी जळकी मोटर मिळती का बघा. म्हंजी कंपनीनं घातलेले वेढे मोजता येतील." मारुतींनी ती शोधली, पोत्यात घालून एसटीनं मंचरला आणली आणि आम्ही दोघं ती घेऊन बोरीला गेलो.

बबनरावांनी वेढे तीनदा मोजले. मोजून झाल्यावर मी न राहवून बोललो, "बबनराव, तो सेहेचाळीसचा आकडा माझ्या हातनं चुकला होता. वहिनींच्या नाही."

त्यांनी वर पाहिलं नाही. "लई वर्सं झाली त्याला. ही तार धरा जरा."

मोटर भरून झाली तरी आकडा छापू दिला नाही त्यांनी. आधी चालवून बघा म्हणाले. आठव्या दिवशी तळेघरहून फोन आला, पाणी टाकीत पडतंय. मग मी पान केलं. तळाशी नंबर कुणाचा घालायचा, यावर माझं घोडं अडलं. "माझा घाला," बबनराव फोनवर म्हणाले. "चुकलं तर शिव्या घालायला मानूस नको का?"

नवं पान घेऊन मी स्वतः बोरीला गेलो. त्यांनी फाइल उघडून जुनं पान काढलं. त्याच्या कडेला वहिनींच्या अक्षरात निळ्या पेनानं काहीतरी लिहिलेलं होतं. ते मला द्या, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. "बाईंनी बजावलेलं हाय. जुनं पान ठिवायचं न्हाई. कुनी चुकून तेच वाचंल." त्या निळ्या अक्षरांकडे ते थोडा वेळ बघत राहिले, मग पान फाडून टाकलं.

माझ्या दुकानातल्या फाइलमधलं मात्र माझ्यानं काढवलं नाही. एकेक पान असं बदलत गेलं तर वहिनींचं यात उरणार काय, हा विचार पाठ सोडत नव्हता. रोज सकाळी शटर उघडलं की ठरवायचो, आज काढू. रोज काहीतरी काम निघायचं...

परवा नारायणगावकडचा एक नवा मोटर भरणारा आला. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होतो, तेवढ्यात त्यानं फाइल चाळली, नेमकं तेच पान उघडलं आणि खिशातून डायरी काढून आकडा उतरवायला लागला. सोलरचीच मोटर होती त्याची. मी उठून त्याच्या हातातून फाइल घेतली.

"हे चूक आहे," मी म्हणालो. वहिनींच्या पानाला मी तसं म्हटलं. मग ते काढलं, त्याच्यासमोरच फाडलं आणि नवं पान त्याच्यापुढं ठेवलं. तो खाली मान घालून लिहून घेत होता. तुकडे टाकायला मी टोपलीपर्यंत गेलो, आणि तसाच मूठ आवळून उभा राहिलो.