रंगनाथभाऊंचा डोळा आणि माझ्या अक्षरातला रिपोर्ट

रंगनाथभाऊ आज सकाळी गेले. त्यांचा उजवा डोळा पन्नास वर्षांपूर्वीच गेला होता, आणि तो माझ्यामुळे गेला होता.

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. आज सांगतो. कृपा करून लाईक करू नका.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. नगरजवळ नागापूरला एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याची शेड, तीन लेथ, एक पॉलिशिंगचं टेबल.

मी तेवीस वर्षांचा, नुकताच डिप्लोमा झालेला, इन्स्पेक्शनचा साहेब. वडील शाळामास्तर, त्यामुळे मला फार अक्कल आहे असा घरात सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

रंगनाथभाऊ कर्जतचे. दुष्काळात रान पडीक पडलं म्हणून नगरला आले आणि आमच्याकडे पॉलिशर झाले.

मालकांनी मुंबईची एक ट्रायल ऑर्डर घेतली होती. कॉम्प्युटरच्या मेमरी डिस्क. म्हणजे जेवणाच्या ताटाएवढ्या ॲल्युमिनियमच्या थाळ्या.

आम्ही फक्त त्यांना आरशासारखं पॉलिश करायचं. माहिती साठवणारा थर नंतर मुंबईत बसणार. केसाएवढा ओरखडा राहिला तरी थाळी रिजेक्ट.

रंगनाथभाऊ थाळी डोळ्यानं तपासायचे. दोन्ही तळव्यांत कडेनं धरायची, डोळ्याच्या रेषेत आणायची, डावा डोळा मिटायचा आणि खिडकीच्या उजेडात हळूहळू तिरकी करत जायची.

"हितं हाय बगा."

मायक्रोस्कोपखाली बघावं, तर ओरखडा बरोब्बर तिथंच.

मला याचा राग यायचा. सातवी शिकलेला माणूस, आणि माझ्या मायक्रोस्कोपच्या आधी सांगतो म्हणजे काय!

मग मुंबईहून लेसर आला. ट्रायलपुरता, उसना.

निळसर हिरवा उजेड, काडीसारखा सरळ. तो थाळीवर तिरका पाडायचा. थाळीवरून उलटून समोरच्या पांढऱ्या कागदावर त्याचा ठिपका पडायचा. थाळी चांगली तर ठिपका स्वच्छ, ओरखडा असला तर फाटलेला.

थंड ठेवायला त्याला नळाचं पाणी सतत चालू ठेवावं लागे.

"साहेब, आमच्या वस्तीला आठ-आठ दिस टँकर न्हाई, आन् ही काडी दिसभर पानी पितीया."

सगळे हसले. मीही हसलो.

लेसरसोबत डोळे सांभाळायचा खास चष्मा आला होता. नारिंगी काचांचा. एकच.

तो मी घालायचो. घालून शेडभर मिरवायचोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी रंगनाथभाऊंनी पास केलेली एक थाळी मी लेसरखाली लावली. कागदावरचा ठिपका फाटला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

सगळ्यांसमोर म्हणालो, "रंगनाथभाऊ, डोळा म्हातारा झाला तुमचा."

"डाग न्हाई साहेब. फडक्याचा धागा ऱ्हायला आसंल."

"मग दाखवा ना!"

थाळीला हात लावण्याआधी लेसरच्या तोंडावरचं झाकण पाडायचं, हा नियम. ते काम माझं. मी हाताची घडी घालून उभा होतो.

त्यांनी थाळी काढली. दोन्ही तळव्यांत धरली, डावा डोळा मिटला, आणि तिरकी केली. नेहमीसारखी. उजेडाची काडी थाळीवरून उलटून सरळ त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली.

ते ओरडले नाहीत. थाळी आधी फेल्टच्या मऊ कापडावर नीट ठेवली, ओरखडा येऊ नये म्हणून. मग खाली बसले.

"साहेब, समदं हिरवं हिरवं दिसतंय."

संध्याकाळपर्यंत त्या हिरव्याचं काळं झालं. उजव्या डोळ्यानं माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, मधला चेहरा नाही. डॉक्टर म्हणाले, पडदा भाजलाय, आता हे असंच राहणार.

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "लिही. चष्मा दिला होता. सूचना देऊनही कामगाराने वापरला नाही."

मी वाद घातला नाही. नोकरी जाईल या भीतीनं हात आपसूक चालला. अक्षर छान आहे माझं.

सहीसाठी तो कागद दवाखान्यात घेऊन गेलो आणि त्यांना वाचून दाखवला.

"साहेब, मला चष्मा दिल्ता का तुमी?"

मी म्हणालो, "दिला होता."



"तुमी म्हन्ता म्हंजी दिला आसंल. मलाच याद न्हाई. त्या उजेडानं डोस्कंच बधिर झाल्तं."

आणि सही केली. कागद परत देताना विचारलं, "त्या थाळीवं धागाच हुता न्हवं?"

धागाच होता. मी नंतर पाहिलं होतं. "हो," म्हणालो. त्या दिवशी तेवढं एकच खरं बोललो.

निष्काळजीपणाचा शेरा मारून त्यांना कामावरून काढलं. ते कर्जतला परत गेले. गावात लोक म्हणायचे, याच्याच हलगर्जीनं डोळा गेला. मला पुढच्या वर्षी प्रमोशन मिळालं.

पुढे एका लग्नात भेटले. माझ्या हाताला धरून पाहुण्यांना सांगत होते, "ह्ये आमचे साहेब. लई भला मानूस."

मी जेवलो नाही. पण बोललोही नाही. याला नालायकपणाशिवाय दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

आज सकाळी त्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. आण्णा गेल्याचं सांगितलं आणि रडत रडत म्हणाली,

"काका, शेवटपर्यंत नातवांना तेच सांगायचे. साहेबांनी चष्मा दिल्ता, म्याच घातला न्हाई. मोठ्यांचं ऐकत जावा."

मी फोनवर नुसतं "हं" म्हणालो. पंचाहत्तरी ओलांडली, तरी जीभ उचलली नाही.

सुनीता, तू हे वाचशील म्हणून इथं सगळ्यांदेखत लिहितोय.

तुझ्या आण्णांना मी चष्मा दिला नव्हता. चष्मा एकच होता आणि तो माझ्या डोळ्यांवर होता. झाकण मी पाडलं नाही. दाखवा म्हणून मीच डिवचलं. त्यांची काहीही चूक नव्हती.

नातवांना सांग. आजच सांग.

रंगनाथभाऊ, माफी मागायला मला तोंड नाही. तुम्हाला हात जोडून अखेरचा नमस्कार.