योगेंद्रभाऊंचं चुकलेलं मत

पारोळ्यात योगेंद्रभाऊंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. कोणता फोन घ्यावा, माणूस चंद्रावर राहील का, पोरांनी काय शिकावं, सगळ्यावर त्यांचं मत तयार असतं. पुतणी दिपमाला ड्रोन शिकायला निघाली, तेव्हा ते म्हणाले, "ते खेळनं शे. सॉफ्टवेअर शिक."

तिने ऐकलं नाही. यंदा गावातले शेतकरी अभिमनआबा यांच्या तीन एकर कपाशीवर तिने तासाभरात फवारणी केली. योगेंद्रभाऊ बांधावरून एकटक बघत होते. ड्रोन खाली उतरल्यावर ते तिच्याजवळ गेले.

"मनं चुकनं, बेटा. माले शिकाडशी का?"

दिपमालाने हसून रिमोट त्यांच्या हातात दिला. पहिल्या उड्डाणाला मात्र तिने काकांची बोटं घट्ट धरून ठेवली.